खासदार, केंद्राचे कायदे आणि शेतमालाचा भाव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाव पडला की गावात पहिला राग निघतो आडत्यावर, मग बाजार समितीवर, मग आमदारावर. खासदाराची आठवण निवडणुकीच्या आसपास येते. पण कांदा, कापूस, सोयाबीन, ऊस या पिकांच्या भावाला हात घालणारे मोठे निर्णय दिल्लीत होतात. तेही बहुतेक वेळा कृषी मंत्रालयाबाहेर आणि संसदेत मतदान न होता. म्हणून कोणता निर्णय कोणत्या दारात होतो हे शेतकऱ्याला पाठ हवं, असं मला मनापासून वाटतं. ग्रामसभेत आणि बाजार समितीच्या आवारात पुन्हा पुन्हा कानावर येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं पुढे दिली आहेत.

शेती राज्याचा विषय ना? मग खासदाराला काय विचारायचं?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत शेती, जमीन, पाणी आणि बाजार हे विषय राज्याच्या यादीत आहेत. पण परदेशी व्यापार, आयात-निर्यात आणि सीमाशुल्क केंद्राच्या यादीत आहेत. समवर्ती सूचीतली ३३ वी नोंद केंद्राला अन्नधान्य, तेलबिया, खाद्यतेल, वैरण आणि कापूस यांच्या व्यापारावर व पुरवठ्यावरही कायदा करू देते. आवश्यक वस्तू कायदा १९५५ चा आहे, तोही केंद्राचा. थोडक्यात, पेरणीपासून बाजार समितीपर्यंत राज्याकडे आणि त्यापुढच्या मोठ्या व्यापारातलं बरंच काही केंद्राकडे.

कांद्याची निर्यातबंदी संसदेने केली होती का?

नाही. हे उत्तर ऐकून अनेकांना धक्का बसतो.

क्रम आठवा. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य आलं, म्हणजे त्याहून स्वस्तात कांदा बाहेर पाठवता येईना. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यात पूर्ण बंद झाली. त्या दिवशी नाशिक जिल्ह्यातल्या बाजारांत लिलाव थांबले आणि चांदवडला शेतकरी मुंबई-आग्रा महामार्गावर उतरले. ३१ मार्च २०२४ ला संपणारी बंदी पुढे वाढवली गेली. ती लोकसभा निवडणुकीच्या ऐन धामधुमीत, ४ मे २०२४ ला उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवूनच. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. उरलेलं शुल्क १ एप्रिल २०२५ ला संपलं.

दीड वर्षाच्या या खेळात संसदेने नवा कायदा केला नाही. बंदी आणि किमान मूल्याचे आदेश निघतात परकीय व्यापार महासंचालनालयातून, १९९२ च्या परकीय व्यापार कायद्याने दिलेल्या अधिकारात. हे कार्यालय वाणिज्य मंत्रालयाचं. शुल्क लावतं वित्त मंत्रालय. राखीव साठ्यासाठी नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांना खरेदी करायला लावून तो कांदा बाजारात कधी सोडायचा, हे ठरवतं ग्राहक व्यवहार मंत्रालय. कृषी मंत्रालय या तिन्हींत नाही.

आणि लाल कांदा वाट बघत नाही. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने निघतो. डिसेंबरचा लाल कांदा मात्र काढला की विकावाच लागतो. म्हणून डिसेंबरमधली अधिसूचना मार्चमधल्या अधिसूचनेपेक्षा कितीतरी जास्त नुकसान करते. खासदाराशी बोलताना हे हंगामाचं गणित आधी सांगा.

मग खासदाराच्या हातात उरतं काय?

बरंच काही. तारांकित प्रश्न विचारून मंत्र्याकडून सभागृहात तोंडी उत्तर घेता येतं आणि त्यावर पूरक प्रश्नही विचारता येतो. अतारांकित प्रश्नाचं उत्तर लेखी येतं. त्यात आकडे मागता येतात: किती टन आयात झाली, कोणत्या जिल्ह्यात किती खरेदी केंद्रं उघडली, किती शेतकऱ्यांचे विमा दावे फेटाळले. शून्य प्रहर आणि लोकसभेच्या नियम ३७७ खाली मतदारसंघाचा मुद्दा मांडता येतो. अर्थसंकल्पात अनुदानाच्या मागण्यांवर कपात सूचना देता येते.

संसदीय समित्यांकडे आपलं लक्ष कमी जातं. कृषी, पशुसंवर्धन आणि अन्नप्रक्रिया यांसाठी दोन्ही सभागृहांतल्या ३१ सदस्यांची स्थायी समिती आहे. ती सचिवांना बोलावून विचारते आणि शेतकरी संघटनांची लेखी निवेदनंही घेते. याच समितीने डिसेंबर २०२४ च्या अहवालात हमीभावाला कायदेशीर आधार द्यावा आणि पीएम किसानची वर्षाची रक्कम ६,००० वरून १२,००० करावी, अशी शिफारस केली. शिफारस सरकारवर बंधनकारक नसते, पण सर्वपक्षीय समितीचा कागद चळवळीच्या हातात मोठं वजन देतो.

खासदाराला खासगी विधेयकही मांडता येतं. राजू शेट्टी हातकणंगल्याचे खासदार असताना त्यांनी २०१८ मध्ये हमीभावाचा हक्क आणि कर्जमुक्ती अशी दोन विधेयकं लोकसभेत मांडली होती. ती मंजूर झाली नाहीत. मुळात स्वातंत्र्यानंतर संसदेत मंजूर झालेली खासगी विधेयकं १४, त्यातलं शेवटचं १९७० मधलं. तरी मागणी कलमांच्या भाषेत एकदा लिहिली गेली, की पुढच्या चर्चेला टेकू मिळतो.

आपल्या खासदाराने काय विचारलं, हे कसं बघायचं?

‘संसद’ या सरकारी संकेतस्थळावर सदस्याच्या नावाने शोधता येतं. प्रश्न आणि त्यांची उत्तरं दोन्ही तिथे मिळतात. गावातल्या कुठल्याही पोराच्या मोबाईलवर पाच मिनिटांचं काम आहे. उत्तराची छापील प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावली तर फारच उत्तम.

हमीभावाचा कायदा आहे का नाही?

नाही. कृषिमूल्य आयोग १९६५ पासून आहे. तो शिफारस करतो आणि केंद्रीय मंत्रिमंडळ २२ पिकांचे हमीभाव जाहीर करतं. २०२५-२६ च्या खरिपासाठी सोयाबीन ५,३२८, तूर ८,०००, लांब धाग्याचा कापूस ८,११० आणि मका २,४०० रुपये क्विंटल असे भाव जाहीर झाले. पण त्यापेक्षा कमी दराने खरेदी केली म्हणून केंद्राच्या कायद्याखाली व्यापाऱ्यावर गुन्हा होत नाही. सरकारने स्वतः खरेदी केली तरच हमीभाव हातात पडतो.

आता दीडपट भावाचं भांडण. सरकार ज्या खर्चाच्या दीडपट धरतं, त्यात रोख खर्च आणि घरच्यांच्या कष्टाची मजुरी येते. स्वतःच्या जमिनीचा खंड (भाडं) आणि भांडवलावरचं व्याज येत नाही. शेतकरी संघटनांची मागणी हे सगळं धरून येणाऱ्या सर्वसमावेशक खर्चाच्या दीडपटीची आहे. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने उत्पादन खर्चापेक्षा किमान ५० टक्के जास्त भाव सुचवला होता. ‘खर्च’ म्हणजे कोणता खर्च, यावर वाद अडकला आहे. तीन कृषी कायदे मागे घेतल्यानंतर केंद्राने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, पण कायदा आला नाही. खासदाराला भेटाल तेव्हा “दीडपट द्या” एवढ्यावर थांबू नका. कोणत्या खर्चाच्या दीडपट, हे त्याच्याकडून वदवून घ्या.

सोयाबीन हमीभावाखाली विकावं लागतं, याला बाजार समिती जबाबदार नाही का?

थोडीफार असेलही. पण मोठं कारण बंदरावर आहे. आपण खाद्यतेल मोठ्या प्रमाणात आयात करतो. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून येतं, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयातशुल्क शून्यावरून २० टक्के केलं. मे २०२५ च्या शेवटी ते निम्मं करून १० टक्क्यांवर आणलं, म्हणजे पेरणीच्या तोंडावर. शेतकऱ्याने काय पेरायचं ते ठरवून बियाणं घरात आणलेलं असतं तेव्हा. शहरी ग्राहकाला तेल स्वस्त मिळायला हवं, हे मला मान्य आहे. त्याचा भार मराठवाडा-विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याने एकट्याने का उचलायचा, हा प्रश्न सभागृहात पुन्हा पुन्हा विचारला गेला पाहिजे. तुरीचीही तीच कथा: २०२१ पासून आयात खुली आहे.

कापसासाठी कृषिमंत्र्यांकडे निवेदन द्यावं का?

द्या, पण आधी वस्त्रोद्योग मंत्रालयाकडे द्या. हमीभावाने कापूस घेणारं भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे आपली सीसीआय, त्या मंत्रालयाखाली येते. आयातशुल्क अर्थातच वित्त मंत्रालयाकडे. कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क १९ ऑगस्ट २०२५ ला माफ झालं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. आपला नवा कापूस घरात येण्याचे नेमके तेच महिने.

खरेदी केंद्रावर काय होतं तेही बघा. जिनिंगच्या आवारात गाडी लागते, ग्रेडर हातभर आत खुपसून कापूस काढतो आणि ओलावा मोजायचं यंत्र लावतो. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे प्रत्येक टक्क्याला कपात आणि १२ टक्क्यांच्या वर गाडी परत. परतीच्या पावसानंतर पहिल्या वेचणीचा कापूस १२ च्या आत बसवणं अवघड जातं. मग तीच गाडी शेजारच्या खासगी व्यापाऱ्याकडे वळते आणि तो म्हणेल तो भाव. २०२४ च्या हंगामात केंद्राने सोयाबीनसाठी ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्के केली होती. म्हणजे आदेशाने हे होऊ शकतं. कापसालाही ओल्या वर्षी अशी सूट मिळावी, ही मागणी खासदाराने लावून धरण्यासारखी आहे.

२०२५-२६ पासून सीसीआयला कापूस देण्यासाठी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी लागते. सातबाऱ्यावर कापसाची नोंद हवी, म्हणून ई-पीक पाहणी चुकवू नका.

उसाची एफआरपी कोण ठरवतं, आणि कारखान्याने थकवली तर?

एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, केंद्र ठरवतं. ऊस नियंत्रण आदेश १९६६ हा आवश्यक वस्तू कायद्याखालचा आहे, त्यामुळे हमीभावाला नसलेलं कायद्याचं बळ एफआरपीला आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) क्विंटलमागे ३५५ रुपये आणि त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये असा दर आहे.

बिल हातात घेऊन हिशोब करा. उतारा ११.२५ टक्के असेल तर ३५५ अधिक ३४.६०, म्हणजे क्विंटलला ३८९.६० आणि टनाला ३,८९६ रुपये. समजा तोडणी-वाहतूक ८५० रुपये कापली, तर हातात ३,०४६. तेव्हा बिलात दोन आकडे तपासायचे: उतारा आणि तोडणी-वाहतुकीची कपात. एफआरपी वाढल्याच्या बातमीवर भुलू नका. पायाभूत उतारा २०१८-१९ मध्ये ९.५ वरून १० टक्के झाला आणि २०२२-२३ मध्ये १०.२५. पाया जितका वर जातो तितका वरचा हप्ता आटतो. हा बदल शेतकऱ्याच्या खिशातून गेला आणि त्यावर संसदेत व्हायला हवी होती तितकी चर्चा झाली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज, असं आदेशातच लिहिलं आहे. थकबाकीची तक्रार पुण्याच्या साखर आयुक्तांकडे करायची. ते महसुली वसुलीचं प्रमाणपत्र काढतात आणि जिल्हाधिकारी वसुली करतात. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये एफआरपी दोन टप्प्यांत देण्याचा निर्णय काढला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो मार्च २०२५ मध्ये रद्द केला.

साखरेच्या किमान विक्री दराचा प्रश्नही याला जोडलेला आहे. तो फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाला आणि नंतर एफआरपी दरवर्षी वाढत असताना वर्षानुवर्षं तिथेच ठेवला गेला. कारखानदार त्याकडे बोट दाखवून पैसे लांबवतात. त्यांची अडचण खरी असली तरी १४ दिवसांची मुदत बदलत नाही.

तीन कृषी कायदे रद्द झाले म्हणजे बाजार समितीबाहेर माल विकता येत नाही?

तसं नाही. जून २०२० चे अध्यादेश सप्टेंबरमध्ये कायदे झाले, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये स्थगिती दिली आणि २९ नोव्हेंबर २०२१ ला दोन्ही सभागृहांनी एकाच दिवशी, चर्चेविना ते रद्द केले. आले तेही घाईत आणि गेले तेही घाईत. बाजार समित्यांचा कायदा राज्याचा आहे. महाराष्ट्राने फळं आणि भाजीपाला २०१६ मध्येच नियमनमुक्त केला, म्हणजे बाजार समितीबाहेर विकायला मोकळा केला. तो निर्णय त्या तीन कायद्यांवर अवलंबून नव्हता.

कर्जमाफी खासदार मिळवून देऊ शकतो का?

शेतकऱ्यांच्या कर्जातून सुटकेचा विषय राज्याच्या यादीत आहे. २०१७ आणि २०१९ च्या माफ्या राज्याच्या होत्या, २००८ ची केंद्राची. खासदाराकडे मागायचं ते व्याज सवलतीबद्दल. पीक कर्ज ७ टक्क्यांनी मिळतं आणि वेळेत फेडलं की ३ टक्के सूट मिळून ४ टक्के पडतं.

अतिवृष्टीची मदत इतकी तुटपुंजी का?

कारण दर केंद्राने घालून दिले आहेत. आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये आहेत, तेही दोन हेक्टरपर्यंत. राज्याच्या या निधीत केंद्राचा वाटा ७५ टक्के. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पूर आला तेव्हा राज्याने तीन हेक्टरपर्यंत मदत आणि वेगळं पॅकेज जाहीर केलं. निकषांपेक्षा जास्त दिलं तर तो भार राज्याचा. खरवडून गेलेल्या जमिनीत पुन्हा माती भरायला किती ट्रॉल्या लागतात, हे ज्याने पाहिलंय त्याला या दरांचं फोलपण सांगायला नको. निकष बदलणं दिल्लीत होतं.

पीक विमा केंद्राचा की राज्याचा?

योजना केंद्राची आहे, २०१६ च्या खरिपापासून. शेतकरी हप्ता खरिपाला २, रब्बीला दीड आणि नगदी पिकांना ५ टक्के. महाराष्ट्राने २०२३ मध्ये आणलेला एक रुपयाचा विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. त्याचबरोबर राज्याने स्थानिक आपत्ती आणि काढणीपश्चात नुकसानीसारखी जोड संरक्षणं काढली आणि भरपाई पीक कापणी प्रयोगांच्या (निवडक शेतांतलं पीक कापून केलेल्या मोजणीच्या) उत्पादनावर ठेवली. म्हणून सध्या ७२ तासांत तक्रार करण्यापेक्षा मंडळात पीक कापणी प्रयोग कधी आणि कोणाच्या शेतात आहे, ते विचारून तिथे हजर राहणं जास्त महत्त्वाचं. जोड संरक्षणं काढली राज्याने, तेव्हा ती परत हवी असतील तर आमदाराला धरा.

पीएम किसानचा हप्ता थांबलाय, खासदारांचं पत्र चालेल का?

पत्राने काही होत नाही. ई-केवायसी, आधार जोडलेलं बँक खातं, जमिनीच्या नोंदीची जोडणी आणि शेतकरी ओळख क्रमांक एवढं तपासा. त्रुटी तालुका पातळीवरच सुटते.

रोजगार हमीचा नवा कायदा शेतकऱ्याच्या फायद्याचा आहे का?

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या मनरेगाऐवजी नवा कायदा केला. कामाचे दिवस १०० वरून १२५ झाले. पण आधी अकुशल मजुरीचा पूर्ण खर्च केंद्र करायचं, आता महाराष्ट्रासारख्या राज्यांना एकूण खर्चाचा ४० टक्के वाटा उचलावा लागेल. आणि पेरणी-काढणीच्या दिवसांत मिळून ६० दिवस कामं बंद ठेवण्याची तरतूद आहे.

मोठा बागायतदार या बंदीवर खूश होईल. माझी काळजी वेगळी आहे. आपल्याकडे दोन एकरवालाच मजूरही असतो. स्वतःची पेरणी आटोपली की तो हजेरीवर जातो, आणि नेमकं तेव्हा काम बंद असेल तर मजुरीचा दर ठरवताना त्याच्या हातात काही उरत नाही. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी उभी करणारं आणि १९७७ मध्ये तिचा कायदा करणारं राज्य आपलं आहे. राज्य ४० टक्के वेळेवर देणार का, हे आमदाराला विचारा. हे प्रमाण का बदललं, हे खासदाराला.

रानडुकरं आणि रोही पीक फस्त करतात. परवानगी कोण देतं?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ केंद्राचा आहे. एखाद्या प्राण्याला ठरावीक भागापुरतं, ठरावीक काळासाठी उपद्रवी घोषित करण्याचा अधिकार कलम ६२ खाली केंद्राला आहे. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या प्राण्याबद्दल परवानगी राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक कलम ११ खाली देऊ शकतात. भरपाई वनखात्याकडून मिळते. पंचनामा लगेच करून घ्या, दोन दिवसांनी पावलांचे ठसेही राहत नाहीत.

बियाणे विधेयकाचं काय झालं?

१९६६ च्या बियाणे कायद्याची जागा घेणारा नवा मसुदा केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये हरकतींसाठी खुला केला. वाणाची नोंदणी आणि दंडाची कलमं त्यात आहेत. आपण बघायचं ते भरपाईचं कलम. बियाणं उगवलं नाही तर कंपनीला दंड झाल्याने शेतकऱ्याचा हंगाम परत येत नाही. आज भरपाईचा हुकमी रस्ता ग्राहक आयोगाचा आहे. बियाणं घेणारा शेतकरी ग्राहकच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितलं. त्यासाठी पावती, पिशवी, टॅग आणि थोडं उरलेलं बियाणं जपून ठेवा.

खासदार निधीतून ठिबक किंवा विहीर मिळेल का?

नाही. वर्षाला ५ कोटींचा हा निधी सार्वजनिक मालमत्तेसाठी आहे. खासदार शिफारस करतो, मंजुरी जिल्हा प्रशासन देतं.

निवेदन कसं आणि कधी द्यावं?

एका कागदावर एकच मागणी लिहा. कोणतं मंत्रालय, कोणती अधिसूचना, तिची तारीख, आपल्या तालुक्यात त्याचा परिणाम, आणि शेवटी खासदाराने विचारायचा प्रश्न तयार शब्दांत. बाजार समितीच्या दरपत्रकाची प्रत जोडा. पंधरा मागण्यांचं निवेदन फाइलमध्ये जातं, एका प्रश्नाचं सचिवालयात जातं.

वेळही साधा. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते आणि सूचनांची सोडत निघते, त्यामुळे अधिवेशन सुरू झाल्यावर दिलेला कागद बहुधा उशिरा पोचतो. अर्थसंकल्पी अधिवेशन जानेवारीअखेर सुरू होतं, पावसाळी साधारण जुलैत, हिवाळी नोव्हेंबर-डिसेंबरात. कापूस-सोयाबीनच्या आयातशुल्काचं निवेदन जूनमध्ये द्या. लाल कांद्याचं ऑक्टोबर संपायच्या आत.